गो-नो-गो गेजनं पुस्तकं मोजू नका

पत्र, थोडक्यात : वय २७. नाशिकच्या सिडकोत आई-वडिलांसोबत राहतो. अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. शिफ्ट दर आठवड्याला बदलते : सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा, बारा ते सात. सुट्टी शनिवारी. शाळा-कॉलेजात असताना खूप वाचायचो. यंदा जानेवारीत ५२ पुस्तकांचं टार्गेट ठेवलं. सहा महिन्यांत जेमतेम पाच झाली. चौदा पुस्तकं सत्तर-ऐंशी पानांवर अडकून पडली आहेत. रात्री पुस्तक उघडलं की दोन पानांत डोळा लागतो, नाहीतर हातात मोबाइल येतो. मित्र पांगले. दोघं हिंजवडीला आयटीत, एक इथेच शाळेत शिक्षक, एक दिंडोरीकडे द्राक्षबाग बघतो आणि महिनोन् महिने फोन उचलत नाही. कुणाशी सुट्टी जुळत नाही. भेटलो तरी मिसळ, गाड्या आणि क्रिकेट. वाचणारं कुणीच नाही. शनिवार संपला की वाटतं, दिवस वाया गेला. पुण्याला जावं का? तिथे तरी वाचणारी माणसं भेटतील. ता. क. मोबाइलवर वाचलेलं किंवा कानानं ऐकलेलं पुस्तक ‘वाचलं’ धरायचं का?

आधी तुमच्याच आकड्यांचा हिशेब करू. आकडे तुम्ही चोख दिलेत, अर्थ मात्र उलटा लावलाय.

मराठी कादंबरीच्या नेहमीच्या डेमी आकारातल्या पानावर २८ ते ३० ओळी असतात आणि ओळीत नऊ-दहा शब्द. रमतगमत वाचणाऱ्याला अशा दहा पानांना पंधरा ते वीस मिनिटं लागतात. आपण अठरा धरू. (तुमचा वेग घड्याळ लावून एकदा मोजाच. पहिली दहा पानं सोडून पुढची दहा मोजा, कारण सुरुवातीला नावं आणि नाती लावण्यात वेळ जातो.) म्हणजे २५० पानांचं पुस्तक साडेसात तासांचं झालं. अशी ५२ म्हणजे ३९० तास. वर्षाचा एकही दिवस न चुकवता रोज एक तास आणि चार मिनिटं. दर आठवड्याला झोपेची वेळ बदलणाऱ्या माणसासाठी हे टार्गेट लावताना प्रोसेस कपॅबिलिटी, म्हणजे एवढं जमण्याची मुळात कुवत आहे का, हे कुणी बघितलं होतं?

आता दुसरी बाजू. पूर्ण झालेली पाच पुस्तकं म्हणजे १२५० पानं. अडकलेली चौदा, प्रत्येकी ऐंशी धरली तर ११२०. एकूण २३७०. सहा महिन्यांत तुम्ही साडेनऊ पुस्तकांएवढी पानं वाचलीत. वेळेत सांगायचं तर ७१ तास, म्हणजे दिवसाला सरासरी २३ मिनिटं. हा माणूस वाचत नाही, असं कुठल्याही रेकॉर्डवरून म्हणता येणार नाही.

गोंधळ मापात आहे. तुमच्या टेबलावर गो-नो-गो गेज असणार. इतर वाचकांसाठी सांगते : भोक बरोबर पडलंय का हे तपासायची ती दोन टोकांची पिन. एक टोक आत जायला हवं, दुसरं जाता कामा नये. जॉब पास की फेल, एवढंच ती सांगते. किती मायक्रॉननं काय चुकलं ते तिला सांगता येत नाही. लाइनवर हजार जॉब तपासायचे तर तिच्यासारखं साधन नाही. पण तुम्ही तीच घेऊन घरी आलात. पुस्तक संपलं की पास, राहिलं की फेल. मित्र वाचणारा की न वाचणारा. शनिवार कामी आला की वाया गेला. रीडिंग घ्यायचं असेल तर व्हर्नियर, म्हणजे नेमकं माप दाखवणारी सरकती पट्टी, उघडावा लागतो, आणि तो उघडला की तुमचे तीनही प्रश्न वेगळे दिसू लागतात.

वाचनापासून सुरू करू.

मिनिटं वाढवू नका. आहेत ती पुरेशी आहेत. ती एकोणीस पुस्तकांवर पसरली, म्हणून एकही पुस्तक पकड घेत नाही. पुस्तक दहा-बारा दिवस हातात नसलं की पात्रं पुसट होतात. मग पुन्हा उचलताना मागची पंधरा पानं चाळावी लागतात आणि त्याचाच कंटाळा येऊन नवं पुस्तक उघडलं जातं. शॉप फ्लोअरवर याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे : डब्ल्यूआयपी वाढलंय. अर्धवट माल ट्रॉल्यांवर पडून आहे आणि डिस्पॅच शून्य.

येत्या शनिवारी चौदाच्या चौदा पुस्तकं पलंगावर मांडा. प्रत्येकाला एकच विचारा : पुढे काय होतं हे जाणून घ्यायचंय का? ‘वाचायला हवं’ हे उत्तर चालणार नाही. ज्यांना ‘हो’ मिळेल त्यांतली दोनच बाहेर ठेवा. एक सलग वाचायचं, कादंबरी किंवा चरित्र. दुसरं कुठूनही उघडता येईल असं, म्हणजे कथा, ललित लेख, कविता. बाकीच्या ‘हो’वाल्यांत थांबलेल्या पानावर पेन्सिलनं तारीख आणि एक ओळ लिहा, ‘भाऊ घर सोडून निघालाय, कारण अजून कळलं नाही’ अशी, आणि कपाटात आत ठेवा, नजरेसमोर नको. सहा महिन्यांनी ती ओळ पंधरा पानांचं काम करते. ज्यांना ‘नाही’ मिळालं ती कुणाला तरी देऊन टाका. ऐंशी पानांत ज्या पुस्तकानं धरलं नाही त्याला आणखी संधी द्यायचं तुमच्यावर बंधन नाही. यापुढे पन्नास पानांवर निर्णय घ्या. कथासंग्रह असेल तर दोन कथांनंतर.

आता वेळ. रात्री अंथरुणात वाचायचं हा हट्ट शाळेपासूनचा दिसतो. तेव्हा तुम्ही सकाळी सातला उठायचात आणि दहाला वाचायचात. आज सेकंड शिफ्ट करून साडेबाराला घरी येता, जेवता आणि सव्वाला पुस्तक उघडता. डोळे ओळीवरून सरकतात, अर्थ मागे राहतो. याला आळस म्हणू नका. तपासायची पद्धत सोपी आहे : पान संपल्यावर त्यात काय झालं हे एका वाक्यात सांगता आलं नाही, तर पुस्तक मिटायचं. ते पान धरायचं नाही, उद्या पुन्हा वाचायचं.

शिफ्टनुसार जागा बदला. पहिल्या शिफ्टला चारपर्यंत घरी येता. आधी वीस-तीस मिनिटांची डुलकी, गजर लावून. तास-दीड तास झोपलात तर उठल्यावर डोकं जड होतं आणि संध्याकाळ गेली. मग चहा, आणि साडेपाच ते सहा वाचन. गच्चीत किंवा खिडकीशी, उजेड असताना. दुसऱ्या शिफ्टची सकाळ मोकळी असते आणि तीच सगळ्यात चांगली वेळ आहे : साडेनऊ ते दहा, अंघोळ झाल्यावर, मोबाइल हातात घ्यायच्या आधी. कादंबरी या आठवड्यात पुढे न्या. नाइटच्या आठवड्यात कादंबरीला हात लावू नका. आठला झोपून दोनला उठलेल्या माणसाला एखादी कथा किंवा मासिकातला लेख झेपतो, तोही पाचच्या सुमाराला. शिफ्ट बदलल्यावरचे पहिले दोन दिवस सुट्टीच द्या. तेव्हा शरीर वेळ जुळवत असतं, वाचलेलं टिकत नाही.

कंपनीच्या बसमध्ये वाचू नका. कान सांगतो हलतोय, डोळा सांगतो स्थिर आहे, या भांडणात मळमळतं, आणि आपल्या रस्त्यांवर तर लवकरच. तिथे ऐका. ता. क.कडे शेवटी येते.

आणि मोबाइल. सायलेंट करून उपयोग नाही, कारण हात त्याच्याकडे आवाजानं जात नाही, सवयीनं जातो. वाचायच्या अर्ध्या तासात तो स्वयंपाकघरात ओट्याजवळ चार्जिंगला. गजरासाठी उशाशी लागतो म्हणाल, तर दोन-तीनशे रुपयांचं गजराचं घड्याळ घ्या.

आकड्याऐवजी तारीख ठेवा, आणि ती ग्रंथालयाकडून घ्या. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे नाशिककरांचं सावाना, १८४० सालचं. शहरात एवढी जुनी सोय असताना तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही, हे जरा खटकलं. सिडकोतून शालीमारची बस पकडलीत की पुढे चालत जाता येतं. सभासद व्हायला सहसा अनामत रक्कम, मासिक वर्गणी, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो लागतो. किती पुस्तकं घरी मिळतात ते वर्गणीवर ठरतं. जायच्या आधी वेळ आणि साप्ताहिक सुट्टी विचारून घ्या. तुमची शनिवारची सुट्टी इथे कामी येते, रविवारच्या गर्दीत जावं लागत नाही.

पहिल्यांदा दीडशे पानांच्या आतलं पुस्तक घ्या. काय घ्यावं सुचलं नाही तर कपाटांकडे न जाता आधी परत आलेल्या पुस्तकांचा ढीग बघा. शहरात सध्या लोक खरंच काय वाचतायत ते तिथे कळतं. आणि दिवाळी अंकांची योजना असते का ते विचारा. बऱ्याच वाचनालयांत एकदाच वेगळी वर्गणी भरली की पुढचे काही महिने अंक बदलून नेता येतात. १९०९ साली ‘मनोरंजन’नं पहिला मराठी दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा प्रकार आपल्याकडे टिकलाय, आणि नाइट शिफ्टच्या आठवड्याला त्याच्याएवढं सोयीचं वाचन नाही. कथा आहे, लेख आहे, कविता आहे, काहीच नको असेल तर व्यंगचित्रं आहेत.

विकत घ्यायचं सध्या थांबवा. घरातलं न वाचलेलं पुस्तक गप्प बसत नाही, रोज आठवण करून देतं. वाचनालयातलं पुस्तक पंधरवड्यानं परत जातं आणि आपल्यासोबत ओझंही घेऊन जातं.

मित्रांकडे येऊ. इथे मला तुमच्याशी थोडं भांडायचंय.

‘कुणाशी सुट्टी जुळत नाही’ असं तुम्ही लिहिता. बघू. हिंजवडीच्या दोघांना, आयटीत बहुतेक ठिकाणी असते तशी, शनिवार-रविवार सुट्टी असणार. म्हणजे तुमचा शनिवार त्यांच्याशी तंतोतंत जुळतो. शिक्षकाला रविवार मोकळा. तुमची पहिली शिफ्ट असेल तर रविवारी संध्याकाळी पाचनंतर तुम्ही मोकळे. दुसरी असेल तर दुपारी दोनपर्यंत. नाइट असेल तर झोप झाल्यावर संध्याकाळ. तीनही आठवड्यांत काही तास निघतातच. जुळत नाही तो ‘अख्खा दिवस’. कॉलेजात अख्खा दिवस मिळायचा, म्हणून दोन तासांची भेट तुम्हाला भेटच वाटत नाही. पुन्हा तोच गेज.

हिंजवडीवाल्यांना फोन करा. ग्रुपवर मेसेज नको. ग्रुपवर अकरा जण एकमेकांना अंगठे दाखवतात आणि बोलत कुणीच नाही. एकेकाला, एकटा असताना, शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला. वीस मिनिटं पुरतात. पंधरा दिवसांनी पुन्हा. ‘भेटायला या’ हा विषय पहिल्या दोन फोनांत काढू नका. पुणे-नाशिक दोनशे किलोमीटरच्या वर आहे, बसनं पाच तास सहज जातात. येणं जमत नाही याची लाज दोन्हीकडे असते आणि त्या लाजेपोटीच फोन टळतात.

आता द्राक्षवाला मित्र. तो महिनोन् महिने फोन उचलत नाही, याचा तुम्हाला राग आलाय. पण कुठले महिने? एप्रिलमध्ये खरड छाटणी. ऑक्टोबरच्या आसपास गोड्या बहराची छाटणी, आणि तिच्यानंतर फुटवे निघून मणी धरेपर्यंतचे चाळीस-पन्नास दिवस डावणी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीचे. रात्री पाऊस पडला किंवा धुकं उतरलं की पहाटे ब्लोअर घेऊन फवारणीला उतरावं लागतं. एक फवारणी चुकली तर घड कुजतात आणि वर्ष जातं. मग विरळणी, मग जानेवारीपासून माल निघेपर्यंत व्यापाऱ्यांची वाट बघणं. अशा माणसाला तुमचा मेसेज सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री साडेबाराला जातो, आणि तो उठलेला असतो पहाटे चारला. तुमच्या दोघांच्या मैत्रीत काही बिघडलंय असं पत्रावरून तरी दिसत नाही. वेळापत्रकं उलटी आहेत.

बागेला साप्ताहिक सुट्टी नसते, त्यामुळे तुमचा शनिवार त्याला चालतो. छाटणीचा हंगाम सुरू व्हायच्या आत, म्हणजे दसऱ्याच्या आधी, दुपारी दोनला दिंडोरीकडे निघा. हॉटेलात भेटायचं ठरवू नका, बागेत जा. तो जे करत असेल ते हातात घ्या : तारा ओढणं, काडी बांधणं, ड्रिपच्या नळ्या बघणं. समोरासमोर बसून ‘बोल, काय चाललंय’ म्हटलं की आपल्याकडच्या पुरुषांना काही सुचत नाही. हात कामात असले की तेच लोक कर्जापासून लग्नापर्यंत सगळं बोलतात. दोन तास थांबा, अंधार पडायच्या आत परत या.

‘वाचणारं कुणीच नाही’ हे दुसरं गृहीतक. मित्रानं वाचलं नसेल तरी पुस्तकातल्या गोष्टीवर त्याच्याशी बोलता येतं. फक्त सुरुवात पुस्तकाच्या नावानं करायची नाही. ‘मी सध्या एक जबरदस्त पुस्तक वाचतोय’ हे वाक्य ऐकलं की समोरचा परीक्षेला बसल्यासारखा होतो. चरित्रात सावकाराचं देणं फेडण्याचा प्रसंग वाचलात, तर बागायतदार मित्राला विचारा : तुमच्याकडे आजोबांच्या वेळी कर्ज कुणाकडून मिळायचं? शिक्षक मित्राला विचारा, हल्लीची पोरं खोटं बोलताना काय कारणं सांगतात. एका प्रश्नात तुम्ही कादंबरीच्या आत असाल आणि त्याला कळणारही नाही. पुस्तक भेट द्यायचं तर देऊन विसरून जा. ‘वाचलंस का?’ हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारलात की तो तुम्हाला टाळू लागेल.

आणि मिसळीला एवढं कमी लेखू नका. गंगापूर रोडला झाडाखाली बसून तासभर रस्सा मागवत बसणं ही चांगली भेट असते. पापड, दही, शेवटी जिलबी, आणि बिलावरून भांडण. सगळ्या भेटींतून काही निघालंच पाहिजे, असा नियम नाही.

एक गोष्ट पत्रात नाही म्हणून विचारते. घरात कोण वाचतं? आई-वडिलांसोबत राहता, पण त्यांच्या वाचनाबद्दल एक शब्द नाही. वाचनालयाचं कार्ड झालं की पहिल्या खेपेला आईला विचारून एक मासिक तिच्यासाठी आणा. वडिलांचे डोळे थकले असतील तर रात्री जेवणानंतर दहा मिनिटं एखादा लेख मोठ्यानं वाचून दाखवा. वाचणारी माणसं शोधायला पुण्याला निघालेल्यानं आधी हॉलमध्ये बघून घ्यावं.

तरीही पुस्तकांवरच बोलणारी चार माणसं हवीशी वाटली, तर गट स्वतः सुरू करता येतो. असे गट बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या भेटीत मरतात, आणि कारणं ठरलेली असतात. अख्खं पुस्तक वाचून यायचं ठरतं, निम्मे वाचून येत नाहीत, आणि न वाचलेले पुढच्या वेळी लाजून येत नाहीत. यजमानाच्या घरी पोहे-शिरा होतो, मग पुढच्याला त्याहून जास्त करावं लागतं. दोघांना जमत नाही म्हणून तारीख पुढे जाते आणि ती परत येत नाही. एक जण भाषण देतो.

म्हणून असं करा. चार ते सहा माणसं, महिन्यातून एकदा, दीड तास. कुणीही काही वाचून यायचं नाही. पंधरा पानांची एक कथा तिथेच मोठ्यानं वाचायची, आळीपाळीनं तीन-तीन पानं. मोठ्यानं वाचायला पानाला दोन-अडीच मिनिटं लागतात, म्हणजे कथा चाळीस मिनिटांच्या आत संपते. उरलेल्या वेळात बोलायचं, पहिल्या फेरीत प्रत्येकानं दोन मिनिटंच. खायला काही नाही, फक्त चहा. तारीख ठरली की हलवायची नाही, तिघं आले तरी भरवायची. जागा घरची गच्ची, गोल्फ क्लबच्या ट्रॅकशेजारचा कट्टा, कुठलीही चालेल. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना नाशिकचीच आहे. तिच्यात पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते आणि काही महिन्यांनी बदलली जाते. तुमच्या सोसायटीत दहा-वीस घरं तयार असतील तर प्रतिष्ठानकडे चौकशी करायला हरकत नाही. मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला भरते, तिथे चार दिवस एकाच रांगेत बसलात तरी दोन ओळखी होतात.

शनिवारचं. तुमचा शनिवार कसा जातो ते पत्रात आहे : शुक्रवारी रात्री उशिरा झोप, अकराला उठणं, मग रील्स, मग गॅस, बँक, गाडीचं पंक्चर, मग जेवण, मग झोप, मग संध्याकाळी सहाला घालमेल. सहा वाजता पुस्तक उघडलं तरी त्यात लक्ष लागत नाही, कारण तेव्हा ते भरपाई म्हणून उघडलेलं असतं.

घरची कामं साडेबाराला बंद. उरली ती पुढच्या शनिवारी, किंवा सेकंड शिफ्टच्या सकाळी. जेवणानंतर काहीही करू नका, खुशाल झोपा. तुम्ही आठवड्यात ४८ तास उभ्यानं काम करता, झोपेला वाया म्हणू नका. साडेचार ते साडेसहा मात्र घराबाहेर एक गोष्ट. एकच. दोन ठरवल्या की दोन्ही घाईत होतात.

सुचत नसेल तर पांडवलेण्यांवर जा. पाथर्डी फाट्यापासून जवळच आहे. पायऱ्या चढायला वीस-पंचवीस मिनिटं. बंद व्हायच्या वेळेच्या तासभर आधी पोचा. दहा नंबरच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव ठेवल्याची नोंद आहे : २००० दरमहा शेकडा एक व्याजानं, १००० शेकडा पाऊण दरानं. मोठ्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. हिशेब करून बघा : दोन हजारांचं वर्षाचं व्याज २४०, आणि वीस गुणिले बारा २४०. बरोबर जुळतो. ब्राह्मी वाचता येत नसली तरी भिंतीसमोर उभं राहून हे जुळवण्यात जी मजा आहे, ती वर्षाच्या टार्गेटमध्ये कुठल्या रकान्यात टाकणार?

कॉम्प-ऑफ (जादा कामाच्या बदल्यातल्या सुट्ट्या) साठत असतील तर ते एकदम घेऊन घरी लोळण्यापेक्षा दोन महिन्यांतून एक रविवारी टाका. शिक्षक मित्राबरोबर अख्खा दिवस हवा होता, तो असा मिळतो. सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइमला बोलावलं तर पैशांची गरज खरी असेल तेव्हा जा, पण महिन्यातले दोन शनिवार आधीच कागदावर बंद करून ठेवा.

पुणे. नोकरी चांगली असेल, शिकायला मिळणार असेल तर जरूर जा. वाचणाऱ्या माणसांसाठी जाऊ नका. तुमच्या कामाच्या नोकऱ्या हिंजवडीत नाहीत, त्या भोसरी-चाकणकडे आहेत, आणि पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात पुष्कळ ठिकाणी सुट्टी गुरुवारी असते. म्हणजे ज्या दोघांसाठी जाल त्यांच्याशी आज जुळणारा शनिवारही हातातून जाईल. खोलीचं भाडं, डबा आणि जाण्यायेण्याचा वेळ वेगळाच. तीन महिने वरचं करून बघा, मग नोकरीच्या निकषावर ठरवा.

एकच गोष्ट पत्रावरून कळत नाही, म्हणून लिहून ठेवते. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, मिसळीतही नाही, क्रिकेटमध्येही नाही, झोप-भूक बिघडली असेल, तर तो वाचनाचा प्रश्न राहत नाही. डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आता ता. क. हो, धरायचं. कानानं ऐकलेलंही आणि मोबाइलवर वाचलेलंही. ऐकायला कथा, आठवणी, प्रवासवर्णनं घ्या. ज्यात नावं आणि सनावळ्या जास्त ती पुस्तकं कानातून निसटतात. वेग एकपटच ठेवा, दीडपट करून ऐकायची घाई परत टार्गेटकडेच नेते. मोबाइलवर वाचायचं तर स्कॅन केलेली पीडीएफ टाळा. अक्षर मोठं केलं की ओळ स्क्रीनबाहेर जाते आणि दर ओळीला बोट सरकवावं लागतं. ई-पब प्रकारच्या फाइलमध्ये अक्षर वाढवलं तरी ओळ आपोआप जुळते. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी आपल्याकडे पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळं होतं, आणि अशी बरीच जुनी मराठी पुस्तकं विकिस्रोत या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. फक्त वाचायच्या अर्ध्या तासात डेटा बंद ठेवा, आणि चौदांतल्या ज्या दोन पुस्तकांना बाहेर ठेवलंत ती संपेपर्यंत मोबाइलवर तिसरं उघडू नका.